आम्स्टरडॅमच्या कालव्याकाठी जुनं घर घेताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

आम्स्टरडॅमशेजारच्या आम्स्टेलवेनमध्ये काही वर्षं भाड्याने काढली की अनेकांची नजर शहराच्या मध्याकडे वळते. योर्दानच्या अरुंद गल्ल्या, प्रिन्सेनग्राख्त, ब्राउवर्सग्राख्त. मग फुंडावर (घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर) फोटो बघायचे, शनिवारी घर बघून यायचं, सोमवारी बोली लावायची, बोली लागली की सही करायची आणि त्यानंतर कुणाला तरी विचारायचं, "अरे, या घराचा पाया कसा असतो रे?" नव्या वसाहतीत हा क्रम चालून जातो. कालव्याकाठी तो महागात पडतो. इथे तुम्ही चार भिंती विकत घेत नाही, लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या एका सामायिक इमारतीत वाटा घेता. शेजाऱ्याचा पाया, सोसायटीचा रिकामा गल्ला, गच्चीची नसलेली परवानगी, सगळं सहीबरोबर तुमच्या पदरात येतं.

म्हणून हा क्रम उलटा लावला आहे. वेळ नसेल तर निदान टप्पा ४ आणि ६ वाचा.

टप्पा १: पैसे आणि कागद, घर शोधण्याच्या आधी

नेदरलँड्समध्ये घर घ्यायला राष्ट्रीयत्वाची अट नाही. बँक मात्र तुमचा राहण्याचा परवाना, नोकरीचा करार आणि आधीची कर्जं बघते. करार मुदतीचा असेल तर नोकरी देणाऱ्याकडून पुढे कायम करण्याचा इरादा लिहून घ्यावा लागतो. हप्त्यावर घेतलेली गाडी किंवा वापरात नसलेलं क्रेडिट कार्डसुद्धा बीकेआरच्या (इथल्या कर्जनोंदणी संस्थेच्या) नोंदीत दिसू शकतं आणि कर्जाची रक्कम कमी करतं. जे बंद करता येईल ते आधीच बंद करा.

कर्ज जास्तीत जास्त घराच्या मूल्यांकनाच्या १०० टक्के मिळतं (ऊर्जाबचतीच्या कामांसाठी थोडं वर). तुम्ही किती बोली लावली याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. समजा बोली ६,५०,००० युरोंची आणि मूल्यांकन ६,२०,००० चं आलं. मधले ३०,००० तुमच्या खिशातले. त्यावर २ टक्के हस्तांतरण कर म्हणजे १३,०००. शिवाय नोटरी, मूल्यांकन, कर्ज सल्लागार, तांत्रिक तपासणी आणि माकेलार, म्हणजे घरांचा दलाल. जाहिरातीत किमतीपुढे "के.के." लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ: हस्तांतरण कर आणि नोटरीचा खर्च घेणाऱ्याचा.

१८ ते ३४ वर्षांच्या खरेदीदाराला हा कर एकदा पूर्ण माफ होतो, पण घराची किंमत ठरावीक मर्यादेत असेल तरच. २०२५ मध्ये ती ५,२५,००० युरो होती आणि दरवर्षी बदलते. मर्यादा एका युरोने ओलांडली तरी पूर्ण रकमेवर कर लागतो. नवराबायकोंची पात्रता वेगवेगळी मोजतात. एकाचं वय जास्त असेल तर त्याच्या वाट्यावर कर बसतो. आणि घर स्वतः राहण्यासाठी नसेल तर २ टक्क्यांचा दरही विसरा, तो कितीतरी जास्त आहे.

आईवडील भारतातून मदत करणार असतील तर ते काम सगळ्यात आधी सुरू करा. भारतात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. ठरावीक रकमेपुढे बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते, तो नंतर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. इथला नोटरी आणि बँक दोघंही विचारतात की पैसा आला कुठून. बक्षीसपत्र, वडिलांच्या खात्याचा उतारा, जमीन विकली असेल तर त्याचा दस्त, सगळं हाताशी हवं. विवाह प्रमाणपत्रही काढून ठेवा. संपत्ती दोघांची एकत्र की स्वतंत्र हे नोटरीला नोंदवावं लागतं, आणि भारतातून अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून आणायचं म्हटलं तर त्यात आठवडे जातात.

*तपासा:* कर्जाशिवाय स्वतःचे किती युरो आज खात्यात आहेत, हा आकडा कागदावर लिहा. "येतील" ते पैसे त्यात धरू नका.

टप्पा २: आपली माणसं ठरवा

घर दाखवणारा माकेलार कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा माणूस आहे. तुमच्या बाजूने बघणारा आनकोप-माकेलार वेगळा लागतो. सगळ्याच खरेदीत तो हवाच असं मी म्हणणार नाही, पण या भागात हवा. फक्त निवडताना "बोली जिंकून देतो" म्हणणाऱ्यापेक्षा "हे घर सोडा" असं सांगितलेल्या घरांची उदाहरणं देणारा बघा.

नोटरी निवडण्याचा हक्क के.के. खरेदीत घेणाऱ्याचा असतो. देशात इतरत्र खरेदीचा करार बहुधा माकेलार लिहितो. आम्स्टरडॅममध्ये तो नोटरी लिहितो. याचा फायदा करून घ्या: आवडलेल्या घराचा विभागणीचा दस्त (इमारतीत कुणाचा काय वाटा ते सांगणारा), म्हणजे स्प्लित्सिंग्सआक्त, करार होण्याआधीच त्याच्याकडून वाचून घ्या. तुम्हाला डच नीट येत नसेल तर सहीच्या वेळी शपथबद्ध दुभाषा लागतो. खर्च तुमचा, आणि त्याची तारीखही वेळेत ठरवावी लागते.

टप्पा ३: बघायला जाण्याआधी पत्त्याची कुंडली काढा

हे घरी बसून एका संध्याकाळी होतं, तरी बहुतेक जण करत नाहीत.

काडास्टर ही इथली मालमत्ता नोंदणी. आपल्याकडे इंडेक्स टू काढतो तसा थोडे पैसे भरून मालकीचा उतारा आणि मागच्या विक्रीची किंमत मिळते. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं घर पुन्हा विक्रीला असेल तर का, ते विचारा.

जमीन स्वतःची की महापालिकेच्या दीर्घ भाडेपट्ट्यावर, म्हणजे एर्फपाख्त, तेही उताऱ्यात दिसतं. आम्स्टरडॅमने हा भाडेपट्टा १८९६ पासून सुरू केला. त्याआधी वसलेल्या जुन्या मध्यवर्ती भागात बहुतांश जमीन मालकीचीच आहे. पण "बहुतांश" म्हणजे सगळी नव्हे. नंतर पाडून बांधलेल्या इमारती हमखास तपासा. भाडेपट्टा असेल तर वार्षिक रक्कम किती, कधीपर्यंत भरलेली आणि नंतर किती होणार, हे तीन प्रश्न.

इमारत राष्ट्रीय वारसा यादीत आहे, महापालिकेच्या यादीत आहे की नुसतीच संरक्षित नगरदृश्यात? पहिल्या दोन प्रकारांत आतला जिना, तुळया, जुन्या काचा यांना हात लावायलाही परवाना लागू शकतो. "आत शिरल्यावर सगळं पाडून मोकळं करू" हा बेत असेल तर घर बघायला जाऊच नका.

महापालिकेच्या जुन्या बांधकाम नोंदी शहर अभिलेखागारात मिळतात. त्यात दोनच गोष्टी शोधा: पाया कधी नवा केला का, आणि गच्चीला परवानगी आहे का.

काठाची भिंतही बघून ठेवा. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिम्बुर्गवाल इथली कालव्याची भिंत पाण्यात कोसळली. शहरात अशा सुमारे २०० किलोमीटर भिंती आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं चालणार आहे. भिंत सहसा महापालिकेची असते, खर्च तुम्हाला येत नाही. पण तुमच्या दारापुढे काम निघालं तर झाडं, गाड्या लावायच्या जागा, पुढच्या हाउसबोटी सगळं हलतं. कोणत्या काठाचं काम कधी, ते महापालिका जाहीर करते. (रोझेनग्राख्त, लिंडेनग्राख्त, एलांड्सग्राख्त हे कालवे कधीच बुजवले गेले, तिथे हा प्रश्न नाही आणि पाण्याचा देखावाही नाही.)

टप्पा ४: पाया

इथे घाई करू नका.

जुनी घरं मऊ पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती) आणि चिकणमातीतून सुमारे १२ मीटर खाली, वाळूच्या पहिल्या थरापर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. लाकूड पाण्याखाली राहिलं तर शतकानुशतकं टिकतं. खांबाचं डोकं उघडं पडलं, हवा लागली, की बुरशी धरते आणि ते कुजतं. शहराच्या कालव्यांतली पातळी सरासरी समुद्रपातळीच्या मानाने ०.४० मीटर खाली राखलेली असते. कालवा दारात आहे, मग पाणी कमी कसं पडेल, असं वाटतं. पण घराखालचं भूजल कालव्यापेक्षा खाली असू शकतं. फुटकी मलवाहिनी आजूबाजूचं पाणी शोषून नेते, एवढं कारणही पुरतं. पाइन लाकडाच्या खांबांना तर पाण्याखालीही जिवाणू पोखरतात.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. दोन घरांमधली भिंत सामायिक असते आणि तिच्याखालचे खांब दोन्ही घरांचं ओझं वाहतात. तुमच्या इमारतीचा अहवाल चांगला असला तरी शेजाऱ्याची बाजू बसत असेल तर तुमची भिंतही बसते. पाया दुरुस्त करायचा तर शेजाऱ्याला तयार करावं लागतं.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा विकणाऱ्याकडे पाया-तपासणीचा अहवाल लेखी मागा. त्यात तारीख, खड्डा खणून खांबाची डोकी उघडी केली होती का, लाकडाचे नमुने प्रयोगशाळेत गेले होते का, आणि शेवटी पाया आणखी किती वर्षं काम देईल याचा अंदाज, एवढं बघा. अंदाज २५ वर्षं असेल आणि अहवाल १५ वर्षांपूर्वीचा असेल, तर तुमच्या हातात १० वर्षं आहेत. तुम्ही ३० वर्षांचं कर्ज काढताय.

अहवाल नसेल तर विचारा, पाया नवा केलाय का? १९७० आणि ८० च्या दशकांतल्या नूतनीकरणात योर्दानमधल्या बऱ्याच इमारतींना नवा पाया मिळाला. तसं असेल तर परवान्याचे कागद अभिलेखागारात असणार. तोंडी "हो, झालंय" याला किंमत नाही.

दोन्ही नसेल तर नवी तपासणी. तिला तळमजल्यातून खड्डा खणावा लागतो, म्हणजे तळमजल्याच्या मालकाची संमती हवी. तिसऱ्या मजल्याचं घर घेणाऱ्याला ही संमती आठवड्याभरात मिळणं जवळपास अशक्य. अशा वेळी दोनच पर्याय उरतात: पाया खराब आहे असं धरून बोली लावा, किंवा सोडून द्या. मधला मार्ग म्हणून "सगळ्यांचंच असंच असतं" हे वाक्य ऐकवलं जातं, त्याच्या नादी लागू नका.

*सावधान:* मूल्यांकन अहवालात पायाच्या धोक्याची श्रेणी छापून येते. ती परिसराची माती आणि बांधकामाचं वय यांवरून काढलेली असते. तुमच्या इमारतीखाली कुणी वाकून बघितलेलं नसतं. आणि पाया बसून झालेलं नुकसान इमारतीच्या नेहमीच्या विम्यात सहसा येत नाही.

नवा पाया म्हणजे काय, तेही डोळ्यांसमोर असू द्या. तळमजल्याची जमीन उखडतात, लोखंडी नळ्यांचे तुकडे जोडत जोडत खाली दाबतात, वर काँक्रीटचा जाड थर घालून तो भिंतींत अडकवतात. तळमजल्यावरच्या माणसाला काही महिने घर सोडावं लागतं. एका इमारतीचा खर्च लाखभर युरोंच्या घरात सहज जातो आणि सोसायटीतल्या वाट्याप्रमाणे वाटला जातो.

टप्पा ५: प्रत्यक्ष पाहणी

आता घर बघायला जा. स्वयंपाकघराच्या टाइल्स शेवटी बघा.

दर्शनी भिंत पुढे झुकलेली दिसली तर घाबरू नका. दोर बांधून सामान वर ओढताना ते भिंतीला घासू नये म्हणून पुष्कळ घरं मुद्दाम तशी बांधली. काळजी करायची ती बाजूला कललेल्या घराची. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून खिडक्यांच्या वरच्या कडा एका रेषेत आहेत का बघा आणि शेजारच्या घराशी ताडून बघा. विटांच्या सांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारी भेग दिसली तर तिचा फोटो काढा.

आत गेल्यावर दारं बघा. चौकट तिरकी झाली की दार अडतं, मग सुतार वरची कड एका बाजूने तासतो. त्या तासलेल्या कडेवर बोट फिरवा. तिच्यावर जुन्या रंगाचे दोनतीन थर असतील तर घर पूर्वी बसलं आणि बहुधा थांबलं. कोरं, बिनरंगाचं लाकूड हाताला लागलं तर घर अजून हलतंय असं समजा. हा काही अंतिम पुरावा नाही, पण तांत्रिक तपासनिसाला कुठे बघायचं ते यावरून सांगता येतं.

बाकी भराभर: तळमजला किंवा अर्धतळघर असेल तर भिंतीच्या खालच्या हातभर भागाला ओल, नवा रंग फक्त तेवढ्यावरच आहे का. १९६० पूर्वीच्या घरात शिशाचे पाण्याचे नळ असू शकतात, मीटरजवळचा पाइप बघा. मऊ, करडा, नखाने ओरखडला की चमकणारा पाइप शिशाचा. १९९३ पूर्वीच्या कामात ॲस्बेस्टॉसची शक्यता धरा.

क्षेत्रफळ मोजण्याचा नियम ठरलेला आहे: जिथे उंची १.५० मीटरपेक्षा कमी, ती जागा राहण्याच्या क्षेत्रात धरत नाहीत. माळ्यावरच्या उतरत्या छताखाली हा फरक बराच मोठा होतो, तेव्हा मोजणीचा अहवाल मागा. तळघरातली "तिसरी खोली" दस्तात साठवणीची जागा म्हणून नोंदलेली तर नाही ना, तेही.

जिना चढून बघा, हातात काहीतरी घेऊन. इथले जिने शिडीसारखे उभे असतात. आईवडील दरवर्षी तीन महिने येऊन राहणार असतील आणि त्यांचे गुडघे बोलत असतील, तर हा मुद्दा पायाइतकाच मोठा आहे.

*तपासा:* एकदा शुक्रवारी रात्री आणि एकदा शनिवारी सकाळी नुसतं त्या रस्त्यावर उभं राहा. लिंडेनग्राख्त आणि नोर्डरमार्क्ट इथे शनिवारी बाजार भरतो, माल उतरवायचे आवाज पहाटेपासून. उन्हाळ्यात कालव्यातून गाणी वाजवत बोटी जातात. ज्याला ही जाग हवीशी वाटते त्याने जरूर घ्यावं.

टप्पा ६: सोसायटीचे कागद

इथल्या सोसायटीला व्हीव्हीई म्हणतात. योर्दानमध्ये ती बहुधा तीन ते सहा घरांची असते. एवढ्या लहान गटात एक माणूस अडून बसला तरी काम अडतं. काही इमारतींत निम्म्याहून जास्त मतं सामाजिक घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेकडे असतात. मग दुरुस्ती वेळेवर होते, पण तारीख आणि खर्च तिच्या मर्जीने ठरतो.

मागायचे कागद: मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं, हिशेब, देखभालीचा बहुवर्षीय आराखडा, विम्याची पॉलिसी, व्यापार नोंदणी आणि राखीव निधीचा आजचा आकडा. २०१८ पासून कायदा सांगतो की दरवर्षी एकतर आराखड्याप्रमाणे किंवा इमारत पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाच्या किमान ०.५ टक्के रक्कम बाजूला टाकायची. कागदोपत्री नोंद आहे, बैठक मात्र वर्षानुवर्षं झालेली नाही, अशा झोपलेल्या सोसायट्याही सापडतात. तिथे मासिक वर्गणी कमी असते आणि जाहिरातीत तेच कौतुकाने लिहिलेलं असतं.

इतिवृत्तं मुळातून वाचा, भाषांतराचं ॲप वापरा हवं तर. "पाया: पुढच्या बैठकीत घेऊ" हे वाक्य सलग तीन वर्षं दिसलं तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

गच्चीसाठी दोन वेगळ्या परवानग्या लागतात. महापालिकेचा बांधकाम परवाना एक आणि त्या छतावर फक्त तुमचा वापरहक्क असल्याचा दस्तातला उल्लेख किंवा सोसायटीचा ठराव दुसरा. एक असून दुसरी नसणं इथे अगदी नेहमीचं. गच्चीच्या जोरावर वाढवलेली किंमत देण्याआधी दोन्ही बघा.

*सावधान:* आधीच्या मालकाने थकवलेली चालू आणि मागच्या वर्षाची वर्गणी सोसायटी नव्या मालकाकडून वसूल करू शकते. थकबाकीचा दाखला नोटरीकडून मागवून घ्या.

टप्पा ७: बोली

बहुतेक ठिकाणी बंद बोली असते: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेपर्यंत एकच आकडा. आपल्याकडच्यासारखं टोकन देऊन घर "अडवून" ठेवता येत नाही. विकणाऱ्याचा तोंडी होकारही बांधील नाही. खासगी घरखरेदीत लेखी करार झाल्याशिवाय व्यवहार झाला असं धरत नाहीत.

आकडा खालून वर बांधा. मूल्यांकन किती येईल, त्यावर स्वतःचे किती घालता येतील, त्यातून पाया आणि दुरुस्तीचा तुमचा वाटा वजा. उरलं ते कमाल. दुसऱ्या कुणी किती लावली असेल या अंदाजावर बोली वाढवणं म्हणजे दुसऱ्याचा खिसा बघून आपला खर्च ठरवणं.

बोली आकर्षक व्हावी म्हणून कर्जाची अट (कर्ज मिळालं नाही तर करारातून बाहेर पडायची मुभा) आणि तांत्रिक तपासणीची अट काढून टाकायचा सल्ला मिळेल. कर्जाची अट काढायची तर कर्ज सल्लागाराने सगळे कागद तपासून लेखी सांगितलेलं हवं. तपासणीची अट काढायची तर बोलीआधीच तपासनीस आत नेऊन आणा. या दोन्हीशिवाय अटी सोडणं म्हणजे किमतीच्या १० टक्के रक्कम (टप्पा ८ बघा) पणाला लावणं.

टप्पा ८: करार आणि तीन दिवस

करारात एक वयाचं कलम असतं: घर जुनं आहे, नव्या घराइतकी अपेक्षा ठेवणार नाही. त्यात पाया, नळ, गळती यांची नावं घालून जबाबदारी तुमच्यावर ढकललेली असते. टप्पा ४ झालेला असेल तर या कलमावर सही करायला हरकत नाही. नसेल तर करू नका.

सही झालेली प्रत हातात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचार बदलायची मुभा असते, त्यात किमान दोन दिवस कामाचे. कारण द्यावं लागत नाही. मात्र पाया तपासायला हे दिवस पुरत नाहीत, ते फक्त करार पुन्हा शांतपणे वाचायला आहेत. त्यानंतर सहसा १० टक्के अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते. कर्जाच्या अटीची शेवटची तारीख फोनमध्ये नाही, भिंतीवर लिहा. ती हुकली आणि नंतर मागे फिरलात तर हेच १० टक्के गेले.

पुढे भाड्याने द्यायचा विचार असेल तर आत्ताच थांबा. ठरावीक मूल्याखालच्या घरांना आम्स्टरडॅममध्ये एप्रिल २०२२ पासून खरेदीनंतर चार वर्षं परवान्याशिवाय भाड्याने देता येत नाही. पर्यटकांना देण्यावर रात्रींची मर्यादा, नोंदणी आणि परवाना वेगळाच.

टप्पा ९: किल्ल्या

नोटरीकडे जाण्याआधी त्याच दिवशी घर पुन्हा बघा: सगळे नळ सोडून, बॉयलर चालू करून, करारात लिहिलेल्या वस्तू जागेवर आहेत का ते ताडून. मीटरचे आकडे दोघांनी सही करून ठेवा. खोट दिसली तर सहीआधी नोटरीला सांगा, तो काही रक्कम रोखून धरू शकतो.

सामान हलवायचं नियोजन महिनाभर आधी. सोफा त्या जिन्यातून जाणार नाही, तो छताच्या आकड्यावरून किंवा बाहेरच्या लिफ्टने खिडकीतून जाईल. आकडा आणि तुळई वापरण्याजोगी आहेत का ते सोसायटीला विचारा, नुसतं बघून दोर अडकवू नका. शहराच्या मध्यात जड वाहनांवर वजनाची बंधनं आहेत आणि रस्ता अडवायला महापालिकेची परवानगी लागते. सामान नेणाऱ्यांना पत्ता देताना कालव्याचा कोणता काठ, हेही कळवा. गाडी लावायच्या परवान्याचा अर्ज पत्ता बदलल्या दिवशीच टाका, मध्यवर्ती भागात त्याची प्रतीक्षा यादी आहे.